गिरगावची वस्ती, गिरगावचे उत्पन्न आणि आपली ज्ञाती

दैवज्ञ ज्ञातीतील ज्या कुटुंबांचा मुंबईशी तीनचार पिढ्यांचा संबंध आहे, त्यांच्या घरातील जुन्या लग्नपत्रिका काढून पाहिल्या, तर पुष्कळांवर कांदेवाडी, फणसवाडी, मुगभाट, ठाकूरद्वार असे पत्ते आढळतात. आज त्याच कुटुंबांच्या पत्रिकांवर बोरिवली, ठाणे, डोंबिवली ही नावे असतात; क्वचित पुणे, आणि आता परदेशातील एखादे शहरही. पत्त्यांतील हा पालट कसा झाला, याविषयी आपल्या मंडळींत एक सोपी समजूत रूढ आहे. ती अशी की, आपले लोक शिकले, सुस्थितीत आले, गिरगावातील अडचणीच्या खोल्या त्यांना पुरेनाशा झाल्या, आणि म्हणून ते ऐसपैस जागेत राहावयास गेले. इकडे गिरगावही सुधारले, तेथे उत्तुंग इमारती झाल्या, म्हणजे सर्वांचेच बरे झाले. ही समजूत अर्धी खरी आहे. उरलेल्या अर्ध्या भागाचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते; कारण ज्ञातीतील विद्यार्थ्यांना साहाय्य किती द्यावे, वृद्धांची तरतूद कशी करावी, यांसारखे प्रश्न आपण याच समजुतीच्या आधारे सोडवीत आलो आहोत.

गिरीच्या, म्हणजे मलबार टेकडीच्या, पायथ्याचे गाव ते गिरगाव, अशी या नावाची उपपत्ती सांगतात. येथे पूर्वी माडांच्या आणि फळझाडांच्या वाड्या होत्या, भाजीपाल्याची भाटे होती. मुगभाट, फणसवाडी, आंबेवाडी, जांभूळवाडी ही नावे त्याचीच साक्ष देतात. १८०३ साली मुंबईच्या कोटात मोठी आग लागली. त्यानंतर कोटाबाहेर घरे बांधण्यास उत्तेजन मिळाले आणि या वाड्यांतून माणसांची दाटी होऊ लागली. त्याच १८०३ साली जन्मलेले आपल्या ज्ञातीचे भूषण जगन्नाथ शंकरशेट यांचा वाडा गिरगावातच होता, आणि १८४९ साली मुलींची शाळा भरविण्यासाठी त्यांनी आपल्या या वाड्यात जागा दिली, हे ज्ञातीतील बालकांसही ठाऊक आहे. नानांचे स्मरण आपण दरवर्षी करतो, ते योग्यच आहे. मात्र नानांच्या वैभवावरून ज्ञातीची सांपत्तिक स्थिती मोजण्याची आपली सवय काही योग्य नव्हे. नाना एक होते. बागेसरीपुढे वाकून फुंकणी फुंकणारे शेकडो होते, आणि त्यांचे स्मरण कोणी केलेले नाही.

हे शेकडो लोक गिरगाव, भुलेश्वर व झवेरी बाजार या पट्ट्यात आले ते बव्हंशी कोकणातून आणि गोमंतकातून. आरंभी ते एकटे आले. मुंबईच्या १९०१ च्या खानेसुमारीत हजार पुरुषांमागे स्त्रिया सुमारे सहाशेच होत्या, यावरून त्या काळच्या शहराचे रूप ध्यानी यावे. बायकामुले गावी, कारागीर पेढीच्या माळ्यावर, आणि जेवण खाणावळीत, असा तो संसार. १८९६ साली प्लेगाची साथ उद्भवली आणि शहर ओस पडू लागले. १८९१ साली ८,२१,७६४ असलेली मुंबईची लोकसंख्या १९०१ साली ७,७६,००६ इतकी खाली आली. साथीनंतर १८९८ साली सरकारने शहर सुधारणेसाठी विश्वस्त मंडळ, म्हणजे ज्याला लोक ‘इंप्रुव्हमेंट ट्रस्ट’ म्हणत ते, स्थापिले. दाट वस्तीतून नवे रस्ते काढले, दादर-माटुंग्याकडे वस्तीची आखणी केली. गिरगाव मात्र पुन्हा भरले, आणि या वेळी कुटुंबकबिल्यासह भरले. चाळ ही जी वस्तू आज नाटकसिनेमांमुळे सर्वांना परिचित आहे, तिचे गिरगावी रूप याच काळात सिद्ध झाले.

या चाळीची एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. ती गरिबांची चाळ नव्हती आणि श्रीमंतांचीही नव्हती. एकाच वाडीत तळमजल्यावर पेढीवाला, पहिल्या मजल्यावर कचेरीतील कारकून, दुसऱ्यावर शाळामास्तर, आणि जिन्याखालच्या खोलीत रोजावर काम करणारा सोनार, अशी बिऱ्हाडे नांदत. सर्वांचे उत्पन्न सारखे नव्हते. पण सर्वांचा गणपती, वाणी आणि शाळा एक होती. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव चालू झाला, त्याचे श्रेय लोकमान्यांच्या प्रेरणेला आहेच. पण निरनिराळ्या मिळकतीची माणसे एका सामाईक गॅलरीत येत होती, हेही त्याचे एक कारण आहे, असे आम्हांस वाटते.

सोनारकामाचे उत्पन्न कसे असे, हे आजच्या तरुण पिढीस सांगणे अवश्य आहे. सराफ कारागिराला सोने तोलून देई. कारागीर दागिना तोलून परत करी. घडताना जी तूट येई तिला घट म्हणत, आणि घट किती धरावयाची यावर पेढी व कारागीर यांत नेहमी घासाघीस चाले. घडणावळ हीच काय ती कारागिराची कमाई. लग्नसराईत रात्रीचा दिवस करून काम पुरे; पावसाळ्यात ऐरण थंड पडे आणि वाण्याचे खाते वाढे. जमिनीवर पडलेला कणही वाया जाऊ नये म्हणून केर राखून ठेवीत आणि झारेकऱ्याला विकीत. म्हणजे ज्याच्या हातून महिन्याला कित्येक तोळे सोने जाई, त्याच्या घरी शिल्लक अशी नसे. कारकुनाचा पगार थोडा असला तरी पहिल्या तारखेस हाती पडे. त्यामुळे कसबी कारागीर असलेला बापसुद्धा मुलीसाठी नोकरीवाला जावई शोधी, हे आपल्या ज्ञातीत फार पूर्वीपासून चालत आलेले आहे.

१९४७ साली मुंबई प्रांतात भाडेनियंत्रणाचा कायदा झाला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते त्यावर भाडी गोठली. या एका कायद्याने गिरगावाचे पुढील पन्नास वर्षांचे भवितव्य ठरविले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. अल्प मिळकतीच्या माणसाला शहराच्या मध्यभागी राहता आले, त्याच्या मुलांना आर्यन, चिकित्सक यांसारख्या शाळांत पायी जाता आले, कामाला जाण्यासाठी गाडीभाडे लागले नाही. हा त्याचा लाभ. पण घरमालकाला डागडुजीत स्वारस्य उरले नाही, आणि भाड्याने नवी खोली मिळणे जवळजवळ बंद झाले. घरात तीन मुलगे असले तर एकाने खोली राखावयाची आणि दोघांनी बाहेर पडावयाचे, हा नियमच झाला. गिरगावची माणसे गेली ती बिऱ्हाडे उचलून नव्हे. कुटुंबाच्या फांद्या तुटत गेल्या आणि बुंधा तेवढा वाडीत राहिला. धाकटे भाऊ आधी दादर-पार्ल्याला, मग जागा परवडेना तेव्हा बोरिवली, मुलुंड, डोंबिवलीला गेले. खोली थोरल्याच्या नावावर राहिली, आणि पुढे तिला पागडी येऊ लागली तेव्हा त्या खोलीवर धाकट्यांचा हक्क किती, या वादात ज्ञातीतील किती घरांचे येणेजाणे बंद झाले, याची मोजदाद न केलेलीच बरी.

अशा स्थितीत १९६३ साल उजाडले. चीनशी झालेल्या युद्धानंतर परकीय चलनाची टंचाई होती आणि सोन्याची चोरटी आयात थांबवावी, असा सरकारचा हेतू होता. भारत संरक्षण नियमांखाली जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम जारी झाले. मोरारजी देसाई तेव्हा अर्थमंत्री होते. १४ कॅरटहून अधिक कसाचा नवा दागिना घडविण्यास बंदी झाली. चोवीस भागांपैकी चौदा भाग सोने, म्हणजे शंभरास जेमतेम अठ्ठावन्न. बावीस कॅरटला सरावलेल्या हाताला हे मिश्रण कठीण लागे. ठुशी, मोहनमाळ, बुगडी यांचे नाजूक काम त्यात उतरेना, रंगही तो नव्हे. आणि मुलीच्या अंगावर असले सोने घालण्यास आईबाप तयार होईनात. दागिन्यांची मागणी बसली ती बसलीच. देशाच्या निरनिराळ्या भागांतून सोनारांच्या आत्महत्यांच्या वार्ता येऊ लागल्या. सोनारांना दुसऱ्या धंद्यासाठी कर्जे, त्यांच्या मुलांना शिक्षणात सवलती, अशी मलमपट्टी सरकारने केली. १४ कॅरटची अट १९६६ साली उठली. पण १९६८ साली सुवर्ण नियंत्रणाचा स्वतंत्र कायदाच झाला, आणि कारागिराने सोने किती बाळगावे, हिशेब कसा ठेवावा, याची बंधने कायम राहिली. मधु दंडवते अर्थमंत्री असताना १९९० साली तो कायदा रद्द झाला. सत्तावीस वर्षे म्हणजे धंद्याची एक संपूर्ण पिढी होय. आज १४ कॅरटचे दागिने शौकाने घेतले जातात आणि त्यांवर सरकारी प्रमाणचिन्हही मिळते, हे पाहून जुन्या कारागिरांना काय वाटत असेल, याची वाचकांनीच कल्पना करावी.

या आघाताने गिरगावातील आपल्या ज्ञातीचे दोन भाग पडले. ज्यांच्या मागे पेढी होती त्यांना भांडवलाचा टेका होता. ते तगले, काहींनी पुढे उत्तम व्यवसाय केला. ज्यांच्याजवळ केवळ हात होता, त्यांनी मुलांच्या हाती हातोडी दिली नाही. मुले टंकलेखन शिकली, रात्रीच्या महाविद्यालयात गेली, परीक्षा देऊन कचेऱ्यांत लागली. १९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले होते, १९६९ साली चौदा मोठ्या बँका सरकारने ताब्यात घेतल्या आणि त्यांच्या शाखा झपाट्याने वाढल्या. या जागांवर ज्ञातीतील पुष्कळ मुले, आणि विशेष म्हणजे मुलीही, रुजू झाल्या. नोकरीच्या पतीवर गृहकर्ज मिळाले, उपनगरात स्वतःचे दोन खोल्यांचे घर झाले. हीच ती आपली रूढ समजुतीतील उन्नती, आणि ती खरी आहे. परंतु ज्या मुलाचे शिक्षण बापाच्या बेकारीत अर्ध्यावर तुटले, तोही गिरगावातून बाहेर पडला. त्यालाही डोंबिवलीच मिळाली, पण वेगळी. पत्त्यावरून या दोघांत भेद करता येत नाही.

इकडे झवेरी बाजारातील कारागिरांच्या जागा रिकाम्या राहिल्या नाहीत. गेल्या चाळीसएक वर्षांत पश्चिम बंगालमधील हुगळी, मेदिनीपूर आदी जिल्ह्यांतून आलेल्या तरुणांनी ते काम हाती घेतले. काळबादेवी-भुलेश्वरच्या माळ्यांवर दहाबारा जण एकत्र काम करतात आणि तेथेच निजतात. आपले पणजोबा ज्या रीतीने राहत होते त्याच रीतीने ते राहतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा त्यांतील पुष्कळ जण गावी परतले, आणि प्लेगाच्या वेळच्या मुंबईची आठवण ज्यांनी केवळ वाचली होती त्यांना ती प्रत्यक्ष दिसली. दुसरीकडे ऑपेरा हाऊसच्या परिसरात हिऱ्यांचा व्यापार वाढला. २०१० साली हिरेबाजार वांद्रे-कुर्ला संकुलात गेला तरी अनेक व्यापारी कुटुंबे गिरगावातच स्थायिक झाली आहेत. ही मंडळी कष्टाने वर आलेली आहेत. त्यांच्याविषयी कुरबूर करण्याचे आम्हांस प्रयोजन दिसत नाही. मात्र मराठी शाळांचे वर्ग ओस पडले, हे खरे.

आता आकड्यांकडे वळू. मुंबई बेटावरील, म्हणजे जुन्या शहरातील, लोकसंख्या २००१ साली ३३,३८,०३१ होती. २०११ साली ती ३०,८५,४११ झाली. महापालिकेच्या ज्या ‘सी’ विभागात भुलेश्वर, काळबादेवी, चिराबाजार येतात, तेथील वस्ती याच दहा वर्षांत सुमारे २ लाख ३ हजारांवरून १ लाख ६६ हजारांवर उतरली, म्हणजे शंभरास अठरा माणसे कमी झाली. गिरगावचा उरलेला भाग व मलबार टेकडी ज्यात आहे त्या ‘डी’ विभागातही सुमारे नऊ टक्के घट झाली. उलट तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली. माणसे कोठे गेली, हे यावरून स्पष्ट आहे. यानंतरची खानेसुमारी २०२१ साली व्हावयाची होती, ती लांबणीवर पडली. त्यामुळे अलीकडचे चित्र आकड्यांत मांडता येत नाही.

उत्पन्नाचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण आपल्या देशाच्या खानेसुमारीत माणसाचे उत्पन्न विचारीत नाहीत. लोक मग जागेच्या भावावरून अंदाज बांधतात आणि गिरगाव श्रीमंत झाले असे म्हणतात. येथे एक साधा हिशेब मांडतो. समजा, एका वाडीत दहा बिऱ्हाडे आहेत; नऊ जणांची महिन्याची मिळकत प्रत्येकी वीस हजार आणि दहाव्याची एक लाख. सरासरी अठ्ठावीस हजार झाली. आता नऊपैकी सहा बिऱ्हाडे वाडी सोडून गेली. उरलेल्या चौघांची सरासरी काढा, ती चाळीस हजार येते. वाडीतील एकाही माणसाला एक रुपयाही अधिक मिळालेला नाही, आणि वाडी मात्र जवळजवळ दीडपट श्रीमंत झाली! त्यात सुटलेल्या खोल्यांच्या जागी दोन धनिक कुटुंबे आली म्हणजे तर सरासरी कोठल्या कोठे जाते. गिरगावच्या श्रीमंतीचा मोठा भाग या जातीचा आहे. वस्ती श्रीमंत झाली, ती तेथील माणसे श्रीमंत झाल्याने जितकी, तितकीच तेथील माणसे बदलल्याने.

जी जुनी बिऱ्हाडे अद्याप आहेत, त्यांत वृद्धांचे प्रमाण मोठे आहे, आणि त्यांच्यापुढे आज पुनर्विकासाचा प्रश्न उभा आहे. पडू लागलेल्या चाळींच्या दुरुस्तीसाठी १९६९ साली कायदा होऊन मंडळ नेमले गेले. उपकर भरणाऱ्या अशा इमारती शहरात तेव्हा १९,६४२ होत्या. दुरुस्तीच्या वेळी संक्रमण शिबिरात गेलेली कित्येक कुटुंबे दूरच्या उपनगरात वर्षानुवर्षे अडकून पडली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(७) या कलमाने जुन्या भाडेकरूंना त्याच जागी विनामूल्य घर देऊन वरचे बांधकाम विकण्याची मुभा विकासकास मिळाली. भुयारी मेट्रोच्या काळबादेवी व गिरगाव स्थानकांसाठी काही इमारती गेल्या, त्यांतील रहिवाशांचा प्रश्नही याच जातीचा होता. ती गाडी २०२५ साली चालू झाली आहे. विनामूल्य घर हे शब्द ऐकावयास गोड आहेत. पण उंच इमारतीची उद्‌वाहने, पाण्याचे पंप, पहारेकरी यांचा मासिक खर्च विनामूल्य नसतो. ज्या वृद्ध विधवेने आयुष्यभर नाममात्र भाडे दिले, तिला निवृत्तिवेतनाच्या पैशांत हा खर्च झेपत नाही. दोनचार वर्षे काढून ती घर विकते आणि मुलाकडे किंवा मुलीकडे जाते. कागदोपत्री ती कोट्यधीश होऊन गेलेली असते. घराच्या किमतीचे भावंडांत वाटे झाले म्हणजे तिच्या हाती काय उरते, हे मात्र कोणत्याही आकड्यात येत नाही.

करारावर सही करण्यापूर्वी अशा ज्ञातिभगिनींना तीन गोष्टी कोणीतरी समजावून सांगितल्या पाहिजेत. पर्यायी जागेचे भाडे किती मुदतीचे आणि कोणत्या हमीवर मिळणार. देखभालीसाठी विकासक ठेव ठेवणार की नाही, ठेवल्यास तिच्या व्याजात मासिक खर्च भागेल का. आणि नव्या घराची नोंद कोणाच्या नावे होणार. ज्ञातीत वकील, अभियंते, बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी आज विपुल आहेत. महिन्यातून एक रविवार त्यांनी गिरगावात बसावे, एवढीच आमची विनंती आहे.

आणि यासाठी प्रथम कोण कोठे आहे हे कळले पाहिजे. सरकारी खानेसुमारी आपल्याला हे सांगणार नाही. ज्ञातीने आपली मोजणी आपणच करणे यात नवे काही नाही. गावदेवीच्या बाजूस वसलेल्या चित्रापूर सारस्वत मंडळींनी आपल्या समाजाची शिरगणती एकापेक्षा अधिक वेळा केलेली आहे आणि ती त्यांना फार उपयोगी पडली. आपल्याकडे विद्यार्थी साहाय्याचे अर्ज येतात तेव्हा आडनाव, पत्ता आणि कोणाच्या तरी शिफारशीवरून परिस्थितीचा अंदाज होतो. वर सांगितलेल्या दोन डोंबिवलींतील भेद अशा अंदाजाने कसा कळावा?

या मोजणीत नेहमीच्या रकान्यांबरोबर, म्हणजे माणसे, वये, शिक्षण, व्यवसाय आणि मासिक मिळकत यांबरोबर, आणखी तीन रकाने असावेत, अशी आमची सूचना आहे. कुटुंब १९६० साली कोठे राहत होते. घरातील शेवटची व्यक्ती सोनारकाम कोणत्या साली सोडून कशात गेली. आणि गिरगावची खोली असल्यास ती आज कोणाच्या नावे आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यास काही कुटुंबे नाखूष असतील, याची आम्हांस कल्पना आहे. त्यांनी तो रकाना कोरा ठेवावा. पहिल्या दोन रकान्यांसाठी मात्र घरातील सर्वांत वृद्ध माणसाशेजारी बसून विचारावे लागेल, आणि ते काम येत्या वर्षाच्या आत झाले पाहिजे. १९६३ साली कामावर बसलेले हात आता ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत.